साधी भाषा आणि अद्भुत कथा

(१)

लोकप्रिय लेखकाची भाषा साधी असते, आणि ती साधी असते म्हणूनच तो लोकप्रिय होतो, असें टीकाकार म्हणतात. त्याची भाषा साधी असते, आणि ती साधी असते म्हणूनच त्याची सृष्टि आम्हांस दिसते, असें त्याचे वाचक म्हणतात. दोघेही एकच गोष्ट सांगत असून एकमेकांशीं भांडत असतात, हा साहित्याच्या इतिहासांतला एक जुना चमत्कार आहे. एका पक्षाला जो दोष वाटतो तोच दुसऱ्याला गुण वाटतो. आणि साधी भाषा म्हणजे नेमकें काय, हें दोन्ही पक्ष न विचारतांच गृहीत धरून चालतात. आमच्या मतें वादाचें मर्म त्या गृहीतकांतच आहे. म्हणून प्रथम अलीकडचें एक प्रकरण सांगून, मग त्यामागचा इतिहास पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

ब्रँडन सँडरसन हे इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांचे एक अमेरिकन लेखक. त्यांचा जन्म १९७५ सालचा. विद्यार्थिदशेंत एका हॉटेलांत रात्रपाळीची नोकरी करीत त्यांनीं कादंबरीवर कादंबरी लिहिली. २००५ सालीं त्यांची 'इलँट्रिस' ही पहिली कादंबरी बाहेर पडली. परंतु लिहिण्याच्या क्रमानें ती सहावी होती. पुढें 'मिस्टबॉर्न' (२००६) व 'द वे ऑफ किंग्ज' (२०१०) या ग्रंथांनीं त्यांचा लौकिक वाढविला. मध्यंतरीं २००७ मध्यें रॉबर्ट जॉर्डन हे आपली 'व्हील ऑफ टाइम' ही प्रचंड ग्रंथमाला अपुरी ठेवून वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी व संपादिका हॅरिएट मॅक्डूगल यांनीं ती पुरी करण्याचें काम सँडरसन यांच्यावर सोंपविलें. तें त्यांनीं २०१३ पर्यंत तीन खंडांत तडीस नेलें. मार्च २०२२ मध्यें, आपण गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्या वाचकांच्या आगाऊ वर्गणीतून छापणार असल्याचें त्यांनीं जाहीर केलें. महिन्याभरांत १ लाख ८५ हजारांवर वाचकांनीं सुमारें ४ कोटी १७ लाख डॉलर जमविले. वर्गणीच्या त्या किकस्टार्टर नांवाच्या मार्गानें तोंवर कोणत्याही कामास इतकी रक्कम मिळाली नव्हती.

बरोबर एक वर्षानें, मार्च २०२३ मध्यें, 'वायर्ड' या अमेरिकन मासिकांत त्यांच्यावर एक लांबलचक लेख आला. एवढा खपणारा हा लेखक वाक्यावाक्यानें पाहतां सामान्य आहे, त्याची भाषा शाळकरी मुलाच्या इयत्तेची आहे, असा त्या लेखाचा रोख होता. तेवढ्यावर लेख थांबता तर ती टीका झाली असती. परंतु लेखकाचें घर, त्याचें बोलणें, त्याचा धर्मपंथ आणि त्याच्या ग्रंथांसाठीं जमणारा वाचकांचा मेळा, यांवरही त्यांत नापसंतीची छाया पडली होती. वाचक खवळले. सँडरसन यांनीं मात्र जाहीर निवेदन करून आपल्या वाचकांस विनविलें, कीं या माणसास त्रास देऊं नका. त्यानें प्रामाणिकपणें प्रयत्न केला, आणि मी सर्वांना आवडलोंच पाहिजे असें नाहीं. प्रकरण शमलें, प्रश्न मात्र शमला नाहीं. सँडरसन यांचें गद्य खरोखर कच्चें आहे काय, आणि असल्यास त्यांत बिघडतें काय, यावर त्यांचे वाचकच आपसांत वाद घालूं लागले. व आमच्या दृष्टीनें खरी मौजेची गोष्ट हीच आहे.

(२)

इंग्रजींत साध्या गद्याचा कैवार प्रथम साहित्यिकांपेक्षां शास्त्रज्ञांनीं मोठ्या आवेशानें घेतला. रॉयल सोसायटीचा इतिहास थॉमस स्प्रॅट यानें १६६७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सोसायटीच्या सभासदांनीं फुगीर व पाल्हाळिक भाषा टाकून कारागीर, शेतकरी व व्यापारी यांची उघडी भाषा पत्करल्याचें तो अभिमानानें नमूद करतो. विद्वानांच्या व चतुरांच्या भाषेपेक्षां कामकऱ्यांची भाषा वस्तूच्या अधिक जवळ असते, असा त्यामागील विचार होता. येथें साधेपणा हा अडाण्यांना दिलेली सवलत नसून सत्य सांगण्याची शिस्त म्हणून आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पण गंमत अशी, कीं सत्यासाठीं घडविलेलें हें हत्यार लवकरच कल्पिताच्या हातीं गेलें. डीफोनें १७१९ मध्यें 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिला तो हिशेबाच्या वहीसारख्या भाषेंत. आणि स्विफ्टनें १७२६ मध्यें 'गलिव्हरच्या सफरी' लिहिल्या त्या जहाजावरच्या वैद्याच्या टिपणांसारख्या भाषेंत. सहा इंचांहूनही ठेंगणीं माणसें! आमच्याकडील एखादा कथेकरी अशा प्रसंगीं उपमांची आतषबाजी करता. स्विफ्ट मोजपट्टी काढतो. गलिव्हरच्या खिशांची झडती होते, तेव्हां लिलिपुटचे अधिकारी प्रत्येक वस्तूची सरकारी यादी करतात. त्याचें घड्याळ म्हणजे एखादा अज्ञात प्राणी किंवा तो ज्याची पूजा करतो असा देव असावा, असा गंभीर तर्क नोंदवितात. सारी मजा त्या कोरडेपणांत आहे. पुस्तक निघाल्यावर स्विफ्टनें पोपला एका पत्रांत कळविलें, कीं येथील एका बिशपच्या मतें हें पुस्तक असंभाव्य थापांनीं भरलेलें असून त्याचा स्वतःचा तरी त्यांतल्या जवळजवळ एकाही शब्दावर विश्वास बसत नाहीं. बिशपची ही गंभीर तक्रार खरी असो वा स्विफ्टची थट्टा असो, तिच्यांतून एवढें निष्पन्न होतें, कीं थाप जितकी मोठी तितका साक्षीदार साधा हवा. अद्भुत कथेंत साधी भाषा ही कल्पनेची उणीव नसून तिचा जामीन असूं शकते, हा पहिला धडा इंग्रजी वाङ्मयानें तीनशें वर्षांपूर्वींच घालून दिला आहे.

(३)

याच प्रश्नाला आमच्या वाङ्मयानें दिलेलें उत्तर येथें आठवल्यावांचून राहात नाहीं. ज्या वाङ्मयप्रकाराबद्दल आपण बोलत आहों त्याला मराठींत जें नांव पडलें तेंच मुळीं बाणभट्टाच्या अद्भुत कथेचें आहे. सातव्या शतकांतील त्या 'कादंबरी'चें गद्य संस्कृतांतलें सर्वांत अलंकृत गद्य होय. तेव्हां अद्भुत म्हटलें कीं भरजरी भाषा आलीच, असा संस्कार मराठी वाचकावर नांवापासूनच घडतो. आणि 'मुक्तामाला' (१८६१) किंवा 'मंजुघोषा' (१८६८) या आपल्या आरंभींच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीं तो दृढच केला. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं भाषा घरांत आणली ती कथा घरांत आणून. मराठींत साधेपणा वास्तवाबरोबर आला. अद्भुताबरोबर तो क्वचितच नांदला.

परंतु बाणाबरोबरच दुसरीही एक परंपरा आपल्याकडे होती. अकराव्या शतकांत काश्मिरांत गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेचा कथासंभार दोघां समकालीनांनीं संस्कृत पद्यांत आणला. एक क्षेमेंद्र व दुसरा सोमदेव. क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' मोठ्या पंडिताची कृति खरी. परंतु कोठें अतिसंक्षेपानें दुर्बोध, तर कोठें वर्णनाच्या हौसेनें जड झालेली. अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठीं रचिलेल्या 'कथासरित्सागरा'च्या आरंभींच सोमदेव सांगून टाकतो, कीं हा उद्योग मीं पांडित्याची कीर्ति मिळविण्यासाठीं केलेला नाहीं. कथांचें हें विस्तीर्ण जाळें लोकांच्या सहज स्मरणांत राहावें एवढाच माझा हेतु आहे. वेताळ, विद्याधर, उडणारीं यंत्रें, समुद्राच्या तळाचीं नगरें हें सर्व त्याच्या ग्रंथांत आहे. मध्यें येऊन उभी राहात नाहीं ती फक्त भाषा. लोकांनीं कोणास जवळ केलें तें सर्वश्रुत आहे.

यांतला विनोद असा, कीं औचित्य हेंच काव्याचें जीवित, असा सिद्धांत मांडणारा साहित्यशास्त्रज्ञ क्षेमेंद्रच होय. मेखला गळ्यांत घातली आणि हार कमरेला बांधला तर हंसूंच येणार, हें त्याचेंच उदाहरण. दागिना खोटा नव्हे, जागा चुकली. आणि साधेपणाविषयींही आपल्या शास्त्रकारांनीं फार नेमकें सांगून ठेविलें आहे. सुक्या लांकडांत अग्नि पसरावा किंवा स्वच्छ पाणी वस्त्रांत भिनावें, तसा अर्थ चित्तांत पसरविणारा जो गुण तो प्रसाद, असें मम्मट म्हणतो. प्रसाद हा अलंकारांचा अभाव नव्हे. तो एक स्वतंत्र गुण आहे, व तो सर्व रसांना हवा असतो. म्हणजे साधेपणाचे दोन प्रकार झाले. एक कमावलेला, ज्यांत शब्द आपलें काम करून बाजूस होतो. दुसरा उरलेला, ज्यांत शब्दावर कामच झालेलें नसतें. दोन्ही दुरून सारखेच दिसतात. सध्यांच्या वादांतला अर्धा गोंधळ या दोहोंना एकच नांव दिल्यामुळें झालेला आहे.

(४)

आतां पुन्हा इंग्लंडकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत वाचकवर्ग अफाट वाढला आणि त्याबरोबर लोकप्रिय लेखकाविषयींचा संशयही वाढला. या संशयाचा सर्वांत बोलका बळी म्हणजे अँटनी ट्रॉलप. तो १८८२ मध्यें वारला व पुढच्याच वर्षीं त्याचें आत्मचरित्र निघालें. पहांटे उठून घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस अडीचशें शब्द या हिशेबानें आपण लिहीत आलों, आणि लेखनावर एकंदर सुमारें ७० हजार पौंड मिळविले, हें त्यानें त्यांत खुल्या मनानें सांगितलें. मोच्यानें जोडा शिवावा तशी कादंबरी लिहिणारा हा मनुष्य कलावंत कसला, असें म्हणत अनेकांनीं नाकें मुरडलीं. कादंबऱ्या त्याच, वाक्यें तींच. पण तीं कशीं लिहिलीं हें कळतांच त्यांची किंमत उतरली. सँडरसन हेही आपलें चालू लिखाण किती टक्के झालें तें जाहीर करीत असतात व दरसाल आपल्या कामाचा अहवाल वाचकांपुढें मांडतात. त्यांच्या भाषेवरील रागांत या कारखानदारीवरचा राग किती मिसळला आहे, हें निवडून काढणें कठिण आहे. परंतु वेग हा दोषाचा पुरावा नव्हे. ट्रॉलपचें स्थान पुढें विसाव्या शतकांत पुन्हा वर आलें, तें त्याचें घड्याळ विसरून लोकांनीं त्याचीं पुस्तकें वाचलीं म्हणून.

दुसरें उदाहरण रायडर हॅगार्डचें. 'किंग सॉलोमन्स माइन्स' (१८८५) व 'शी' (१८८७) या त्याच्या कादंबऱ्यांनीं इंग्रजी जगास वेड लाविलें. ट्रॉलपचें गद्य निदान नीटस होतें; हॅगार्डचें तेंही नव्हे. ठराविक शब्दप्रयोग, हलगर्जी वाक्यरचना व उसनें तत्त्वज्ञान हे त्याचे दोष त्याच्या चाहत्यांनाही दिसत. या कोड्याचा सर्वांत चांगला उलगडा सी. एस. लुइस यानें १९६० मधील एका लेखांत केला. हॅगार्ड लिहिण्यांत कच्चा होता हें तो सरळ कबूल करतो. परंतु पुराणकथा निर्माण करण्याची शक्ति ही लेखनकौशल्याहून वेगळी देणगी असून ती हॅगार्डपाशीं भरपूर होती; आणि ती असली म्हणजे वाचक बाकी सर्व सोसतो, असें त्याचें प्रतिपादन आहे. येथें लुइसनें वाचकाची बाजू घेतली, पण दोषास गुण म्हटलें नाहीं. चाहत्यांनीं शिकण्यासारखी गोष्ट ती हीच.

(५)

विसाव्या शतकांतील मुख्य लढाई टॉल्किनवरून झाली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे खंड १९५४–५५ मध्यें निघाले. कवि ऑडन यानें त्यांचें मनापासून स्वागत केलें. उलट १९५६ मध्यें एडमंड विल्सन या मान्यवर अमेरिकन टीकाकारानें 'नेशन' साप्ताहिकांत त्यांस पोरकट ठरवून त्यांतील गद्य व पद्य दोन्ही हौशी प्राध्यापकाच्या दर्जाचीं असल्याचा निकाल दिला. मौज अशी, कीं टॉल्किनवर दोन्ही बाजूंनीं मारा होत होता. कोणास त्याची भाषा बाळबोध वाटे, तर कोणास ती कृत्रिम आर्ष वाटे. दुसऱ्या आक्षेपास त्यानें १९५५ मध्यें एका तरुण वाचकाला लिहिलेल्या पत्रांत उत्तर दिलें. तें पत्र त्यानें धाडलें मात्र नाहीं. थेओडेन राजाचें एक जुन्या वळणाचें भाषण घेऊन तें तो आजच्या बोलीत लिहून दाखवितो, आणि विचारतो, कीं अशा बोलीत बोलणारा मनुष्य असा विचार तरी करील काय? युद्धांत मरण पत्करणें हेंच ज्याला सहज वाटतें त्याच्या तोंडीं चहाच्या टेबलावरची भाषा घातली, तर शब्दच नव्हे, माणूसच खोटा होतो. हा मुद्दा अलंकाराचा नव्हे, औचित्याचा आहे.

हाच मुद्दा अर्सुला ले ग्विन या थोर अद्भुतकथालेखिकेनें १९७३ मध्यें आपल्या एका निबंधांत शेवटास नेला. कॅथरिन कर्ट्झ यांच्या एका राजारजवाड्यांच्या अद्भुत कादंबरीतला संवाद घेऊन तिनें त्यांतलीं मोजकीं नांवें व स्थळें तेवढीं बदललीं. आणि पाहातां पाहातां तो संवाद वॉशिंग्टनमधील राजकारण्यांचा झाला. वाक्यास कोठें ओरखडाही उमटला नाहीं. तिचा निष्कर्ष असा: वास्तव कादंबरीला बाहेरच्या जगाचा आधार असतो, अद्भुत कथेचें जग शब्दांपलीकडे कोठेंच नसतें. म्हणून तेथें शैली हा वरचा लेप नसून तेंच तें जग होय. लक्षांत घ्यावें, कीं ती कांहीं भरजरी भाषेची भोक्ती नव्हती. लॉर्ड डनसेनीचें नक्षीदार गद्य तिला प्रिय असलें, तरी त्याचें अनुकरण करणारे नवशिके फसतात, असा इशारा ती त्याच निबंधांत देते. आणि टॉल्किनला ती वाखाणते तें त्याच्या स्वच्छ, सोप्या गद्यासाठीं. तिचा कटाक्ष साधेपणावर नव्हता. वर्तमानपत्री सपाटपणावर होता. मघाशीं आम्ही कमावलेला व उरलेला असा जो भेद केला, तोच हा.

यानंतर मात्र टीकेचा सूर उतरला. हॅरल्ड ब्लूम या विद्वान प्राध्यापकानें २००० सालीं 'हॅरी पॉटर'वर, आणि २००३ मध्यें स्टीफन किंग यांस अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनचें पदक मिळालें तेव्हां त्यांच्यावर, जें लिहिलें त्यांत ठराविक शब्दप्रयोगांवरील आक्षेप रास्त होता. परंतु इतक्या कोटी वाचकांची चूक होऊं शकते काय, होय, होऊं शकते, हाच त्याचा मुख्य सिद्धांत होऊन बसला. ले ग्विन वाक्य उलगडून दाखवीत होती. ब्लूम वाचकास वर्गाबाहेर काढीत होता. २०२३ मधील लेख या दुसऱ्या घराण्यांतला आहे.

(६)

मग सँडरसन यांच्या गद्याचा न्याय कसा करावा? त्यांची स्वतःची भूमिका उघड आहे. गद्य हें खिडकीच्या कांचेसारखें पारदर्शक असावें, हें ऑर्वेलचें १९४६ मधील मत ते आपल्या व्याख्यानांत आधारास घेतात. रंगीत कांचेची खिडकीही सुंदर असते, पण आपल्याला पलीकडचें दाखवावयाचें आहे, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या कथेची घडण पाहतां हें म्हणणें सबबीचें नव्हे. जादूच्या साहाय्यानें संकट सोडवावयाचें तर त्या जादूचे नियम वाचकास आधीं तितकेच स्पष्ट समजले पाहिजेत, हा त्यांनीं मांडलेला नियम. 'मिस्टबॉर्न'मध्यें पात्रें धातु गिळून ते पोटांत 'जाळतात'. एका धातूनें आसपासची धातूची वस्तु आपल्याकडे ओढतां येते, दुसऱ्यानें दूर लोटतां येते. नाणें जमिनीवर टाकून लोटलें, तर नाणें खालीं जात नाहीं, माणूस वर उडतो. जड वस्तु लोटली तर आपणच मागें फेंकले जातों. अशी झुंज धुक्यानें भरलेल्या नगराच्या छपरांवर रंगते, तेव्हां वाचकाला प्रत्येक क्षणीं कोण कोठें आहे, कोणती वस्तु जड आहे, हें कळलेंच पाहिजे. तेथें उपमा आली तर वाट अडते. शेंकडों पृष्ठें पेरलेले नियम ग्रंथाच्या अखेरीस एकदम फळतात. या शेवटास त्यांचे वाचक हिमप्रपाताची उपमा देतात. ती कारागिरी स्विफ्टच्या मोजपट्टीची वारस आहे, आणि तिला साधें गद्य हवें म्हणजे हवेंच. ज्याला ही कारागिरी दिसत नाहीं, त्यानें केवळ वाक्यें सुटीं करून वजन करणें म्हणजे घड्याळाचीं चाकें सोन्याचीं नाहींत म्हणून घड्याळ वाईट ठरविणें होय.

परंतु कांचेचा दृष्टांत एका ठिकाणीं अपुरा पडतो. पलीकडे नगर असेल, झुंज असेल, तर कांच पुरे. पलीकडे दुसऱ्या एका जगांत वाढलेलें मन असेल, तर तें शब्दांवांचून दिसण्याची सोयच नाहीं. भाषण हें पात्राला दाखविणारें तावदान नव्हे. भाषण हेंच पात्र. सँडरसन यांचें गद्य जेथें हातून काम करवितें तेथें तें प्रसादयुक्त आहे. जेथें तें मनाचा ठाव घेऊं पाहतें तेथें पुष्कळदां दुःखाला दुःख व भीतीला भीति असें नांव देऊन मोकळें होतें. पहिलें साधेपण कमावलेलें आहे. दुसरें उरलेलें आहे. एकाच लेखकांत, एकाच पृष्ठावर, दोन्ही असूं शकतात. आणि म्हणूनच त्यांची भाषा चांगली कीं वाईट हा प्रश्न एका शब्दांत सुटत नाहीं.

हें आम्ही नवें सांगत आहों असें नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांच्या 'स्टॉर्मलाइट' मालेचा 'विंड अँड ट्रुथ' हा तेराशेंहून अधिक पृष्ठांचा पांचवा खंड निघाला, तेव्हां त्यावर जी टीका झाली तींत त्यांच्या वर्षानुवर्षांच्या वाचकांचा आवाज मोठा होता. या योद्ध्यांच्या तोंडीं आजच्या अमेरिकेची बोली येते. मनाच्या जखमांविषयीं हीं माणसें मानसोपचाराच्या दवाखान्यांत बसल्यासारखीं बोलतात. यामुळें आम्ही त्या जगांतून बाहेर फेंकले जातों, अशी त्यांची तक्रार. दुसऱ्या वाचकांनीं उत्तर दिलें, कीं ही कथा इंग्रजींत 'भाषांतरित' होऊन येते असें समजा. परक्या जगाला जुनें इंग्रजीच कां शोभावें? दोन्ही बाजूंनीं उतारे काढले, जुन्या खंडांशीं ताडून पाहिले. अलंकार कोणींच मागितला नाहीं. ज्यांना गद्याचा कान नाहीं म्हणून वर्षापूर्वींपर्यंत हिणवीत होते, तेच वाचक ले ग्विनचा पन्नास वर्षांपूर्वींचा प्रश्न, कित्येकांनीं तिचें नांवही न घेतां, पुन्हा विचारीत होते.

(७)

लुइसनें १९६१ मध्यें ग्रंथपरीक्षणावर एक छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें नेहमींची रीत उलटी केली. पुस्तकावरून वाचकाची पारख करण्याऐवजीं, पुस्तक कसें वाचलें जातें यावरून पुस्तकाची पारख करावी, असें तो म्हणतो. एकदां वाचून टाकलें तें पुस्तक वापरलें गेलें. पुनःपुन्हा वाचलें, त्यांतल्या शब्दावर भांडण झालें, तर तें ग्रहण केलें गेलें. अर्थात् त्याच ग्रंथांत तो हेंही सांगतो, कीं अरसिक वाचकास ठराविक शब्दप्रयोगच बरे वाटतात, कारण ते ऐकावे लागत नाहींत, नुसते ओळखले कीं पुरे. म्हणून खप हा पुरावा नव्हे, आणि प्रेम हाही पुरता पुरावा नव्हे. परंतु जो वाचक आपल्या आवडत्या लेखकाचीं तेराशें पृष्ठें वाचून, येथें सूर चुकला, असें बोट ठेवून सांगतो, त्याला अरसिकांच्या पंक्तींत बसविणारा टीकाकार स्वतःच्या शास्त्राशीं बेइमान होतो.

तुच्छता दाखविणाऱ्या टीकेचा तोटा लेखकाला फारसा होत नाहीं. त्याचीं पुस्तकें खपतच राहतात. तोटा होतो तो वाचकाचा. आपण अपमानित झालों असें वाटतांच तो आवडत्या लेखकाभोंवतीं कोट रचतो, आणि मग त्या कोटांतून खरी टीकाही आंत शिरूं शकत नाहीं. टीकाकार आपल्याला वाटतें तें बोलतो, चाहता आपल्याला हवें तें ऐकतो, आणि वाक्य जेथल्या तेथेंच राहतें. याच्या उलट, उतारा समोर ठेवून, हा शब्द या तोंडीं शोभतो काय, एवढाच प्रश्न जेथें विचारला गेला, तेथें वादी-प्रतिवादी दोघेही थोडे शहाणे होऊनच उठले.

हाच प्रश्न आपल्या घरींही उपयोगी पडण्यासारखा आहे. मुलगा रात्रीं उशिरापर्यंत एखादी जाडजूड अद्भुत कादंबरी वाचीत बसतो. वडील चार पानें चाळून, ही काय भाषा, म्हणून ती खालीं ठेवतात. दोघांनींही थोडें थांबावें. वडिलांनीं आधीं त्या झुंजीतलें नाणें कोठें पडलें आणि माणूस वर कां उडाला, तें मुलाला विचारून समजून घ्यावें. मग राजाचें एक भाषण मोठ्यानें वाचून, राजा असें बोलेल काय, हें मुलाला विचारावें. उत्तर काय येईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण साधें म्हणजे वाईट नव्हे, आणि आवडतें म्हणजे निर्दोष नव्हे, या दोन गोष्टी एकाच बैठकीत दोघांना पटतील. आणि पुढचा खंड दोघे मिळून वाचतील, असा आमचा भरंवसा आहे.